पाखरीच्या चाकामागचं लिंबू

पोवार मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लायसन्स मिळवणं सोपं होतं, लिंबूसरबत मिळवणं महाकठीण.

स्कूलचं मैदान कोल्हापूरच्या बाहेर, ऊसाच्या फडांना लागून. मैदानाच्या टोकाला सिमेंटचा एक चढ होता. शिकायला आलेल्या माणसाने त्या चढावर मधोमध गाडी थांबवायची. मग मास्तर खाली उतरत, खिशातून पिवळंधमक लिंबू काढून मागच्या चाकाला अगदी चिकटवून ठेवत आणि परत शेजारच्या सीटवर येऊन बसत. हँडब्रेकला हात लावायचा नाही. ब्रेकवरचा पाय उचलायचा, ॲक्सिलरेटरवर टाकायचा, क्लच सोडायचा, आणि गाडी पुढेच गेली पाहिजे. बोटभर जरी मागे आली तरी लिंबाचा निकाल चपटा. लिंबू शाबूत राहिलं तर मास्तर तेच कापून स्वतःच्या हाताने सरबत करून देत. चिरडलं तर दुसऱ्या दिवशी घरून आपलं लिंबू घेऊन यायचं. गावातले एक मोठे पुढारी शेवटी पिशवीच घेऊन आले होते म्हणतात.

मास्तर कुणावर ओरडत नसत. शिकाऊ माणूस कितीही चुकला, समोर म्हैस आली, ट्रक आला, तरी त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघत, तेही देवळात बोलावं इतक्या हळू. "पाय काढ." त्या दोन शब्दांनी भलेभले आपला पाय उचलत आणि मग मास्तर आपल्या बाजूच्या जादा पेडलवरून गाडी सांभाळून घेत. माणूस तोंडाने खोटं बोलतो, पायाने बोलू शकत नाही, असं त्यांचं मत होतं. नवीन माणूस नुसता दहा मिनिटं गाडी चालवून उतरला की ते सांगत, हा घाईचा आहे, ही भित्री नाही पण घरच्यांनी भिववलेली आहे.

मास्तरांची मुलगी इंद्रजा बारावीत होती. पुढच्या वर्षी अठरा पूर्ण झाली की लिंबाचा पहिला मान तिचा. आणि तिला ते लिंबू स्कूलच्या साध्या गाडीवर नको होतं. तिला ते पाखरीवर हवं होतं.

पाखरी म्हणजे मास्तरांची जुनी जपानी गाडी. पांढरी, बॉनेटवर काळा पट्टा, दिसायला चार दरवाजांची सोज्वळ, पण इंजिन शर्यतीचं. तरुणपणी मास्तर तिला घेऊन घाटाच्या शर्यतींना जात. इंजिनाचा काटा मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे सरकला की तिचा आवाज बदलायचा. आधी घरातली बाई बोलतेय असं वाटायचं आणि मग एकदम कुणीतरी तुतारी तोंडाला लावायचा. इंद्रजाची आई शैलजा लग्नानंतर याच गाडीतून सासरी आली आणि पहिल्याच वळणावर तिला उलटी झाली. ही गोष्ट घरात दर दिवाळीला सांगितली जाई. सांगणारे मास्तर असत आणि "तुमच्या पायाला ब्रेक ठाऊकच नव्हता" हे वाक्य आईचं असे.

आता पाखरीवर संक्रांत आली होती. सन दोन हजार एकेचाळीस. पेट्रोल मिळायचं बंद होऊन वर्ष होत आलं होतं. नव्या गाड्या सगळ्या विजेच्या, त्यांना काय फरक पडणार? पण जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी नियम निघाला. दसऱ्यापर्यंत इथेनॉलवर करून परवाना घ्या, नाहीतर भंगारात द्या.

आणि इथेनॉलची कोल्हापुरात काय कमी? काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी एक नवीन यीस्ट तयार केलं होतं. जुनं यीस्ट फक्त साखर खायचं. हे नवीन बाळ ऊसाचं पाचट आणि चिपाड खायचं, म्हणजे जे फडात पेटवून द्यायचे तेच. पाचटातल्या धाग्यांत साखरेचेच कण साखळीने बांधलेले असतात, ती साखळी तोडायची कात्री या यीस्टकडे होती. त्यामुळे पाच-दहा गावांमागे एकेक छोटं इंधन केंद्र निघालं. सरकारी पाटीवर 'इंधन केंद्र', लोकांच्या तोंडी 'भट्टी'. तिथल्या मालात कडू औषध घालत, म्हणून कुणी पीत नसे. तरी मास्तरांची चेष्टा व्हायचीच. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस, आणि त्याची गाडी आता सकाळ-संध्याकाळ टाकून फिरणार.

मास्तरांना ते काही पचत नव्हतं. पाखरीला भंगारात देईन पण भट्टीवर नेणार नाही, असं ते चार वेळा म्हणाले. पाचव्यांदा म्हणायच्या आत इंद्रजा त्यांच्या ताटासमोर येऊन बसली.

"पप्पा, पाखरी मी इथेनॉलवर करतो."

(कोल्हापूरच्या पोरी 'मी करतो'च म्हणतात, त्याला इलाज नाही.)

"बारावी कोण करनार मग? तुझी आई?"

"दोन्ही करतो. तुम्ही फक्त पाना द्या हातात."

आई भट्टीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. तिने शांतपणे आमटी वाढत सांगितलं, की पोरगीला करू द्या, तसंही तुम्ही रोज शेडमध्ये जाऊन त्या गाडीकडे आजारी माणसाला भेटायला गेल्यासारखे बघत बसता. मास्तरांनी आमटी मात्र दोनदा घेतली.

गौरी-गणपती उठले आणि काम सुरू झालं. इथेनॉल घ्यायचं म्हणजे नुसतं पेट्रोलच्या जागी ओतायचं असं नसतं. इथेनॉलच्या पोटात आधीच ऑक्सिजन असतो, म्हणून ते जळताना हवा कमी मागतं, पण ताकदही कमी देतं. एक किलो पेट्रोलला जिथे साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, तिथे इथेनॉलला नऊ पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडायला हवं. पंप मोठा, इंजेक्टर मोठे. रबराच्या जुन्या नळ्या ते खाऊन टाकतं, त्या बदलायच्या. शिवाय टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं चिकटलेला पेट्रोलचा चीक ते असा विरघळवतं की पहिल्याच दिवशी फिल्टर चोंदतो. पाखरीचाही चोंदला. पण इथेनॉलजवळ एक मोठा गुण आहे. दाबाखाली ते अवेळी भडकत नाही. त्यामुळे ठिणगी आधी टाकता येते, आणि शर्यतीच्या इंजिनाला तर तेच हवं असतं. इंद्रजाने हे मास्तरांना समजावलं तेव्हा त्यांचे डोळे क्षणभर चमकले. मग म्हणाले, "असू दे. पेट्रोलला वास तरी होता. तुझ्या या रसाला कसला वासच न्हाई."

त्या वेळी शेडमध्ये एक नळी सुटून अर्धी बादली इथेनॉल जमिनीवर सांडलेलं होतं. इंद्रजाच्या नाकाला झिणझिण्या आल्या होत्या. आई तर दारातूनच नाकाला पदर लावून ओरडली होती, खिडक्या उघडा म्हणून. मास्तर त्याच्या मधोमध पाना घेऊन उकिडवे बसलेले. इंद्रजाला वाटलं, हट्ट बघा या माणसाचा. एवढा राग, की वाससुद्धा मान्य करणार नाहीत.

सगळ्यात शेवटी बसवायची होती ती पेटी. तिचं नाव 'उमज'. हाताच्या पंजाएवढी, पण परिवर्तनाचा सगळा जीव तिच्यात.

अडचण अशी होती की प्रत्येक भट्टीचा माल वेगळा. कुठे पाण्याचं प्रमाण जास्त, कुठे कमी, इथेनॉल तर हवेतलंही पाणी ओढून घेतं. म्हणजे टाकी भरली की इंजिनाला दर वेळी नवीन जेवण. इंजिन डचकलं तर पेटीने काय समजायचं? इंधन बदललं म्हणून डचकलं, की चालवणाऱ्याने पाय हलवला म्हणून? हे दोन वेगळे करायचे तर पेटीला आधी चालवणाऱ्याचा पाय ओळखता आला पाहिजे. म्हणून उमज पहिले काही दिवस फक्त शिकायची. माणूस पेडल कसा दाबतो, कसा सोडतो, एका जागी किती स्थिर धरतो. एकदा पाय पाठ झाला की इंजिनाच्या वागण्यातून तो वजा करायचा. उरलं ते इंधन. साधी वजाबाकी. परवान्याच्या वेळी हा पायाचा ठसा आरटीओकडे आपोआप जायचा, कारण बेताल पाय असलेल्या माणसाच्या हाती जुनी जोरदार गाडी देणं त्यांना नको होतं.

"म्हणजे ही पेटी माझं काम करती म्हना की," मास्तर म्हणाले. "पाय ओळखायचं."

"तुमच्याकडूनच शिकणार ती. पहिला पाय तुमचा."

ते ऐकून मास्तर खुलले. हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून पाखरीत बसले. इंद्रजाने किल्ली फिरवायला सांगितली. इथेनॉल थंड इंजिनात लवकर पेटत नाही, म्हणून इंजिन आधी दोन-तीनदा कुरकुरलं आणि मग पाखरी बोलली. तोच आवाज. इंद्रजा शेडच्या पायरीवर नाचली. आईने टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या फडात पाणी पाजणारे दोघे बांधावर येऊन उभे राहिले.

हा आनंद दोन दिवस टिकला.

गाडी वेगात नीट जाई. पण मास्तरांनी पाय एका जागी स्थिर धरला की पाखरी हुंदके दिल्यासारखी व्हायची. हलकेच पुढे, हलकेच मागे. उमजच्या पडद्यावर दिवा लाल व्हायचा आणि अक्षरं यायची: मिश्रण जमत नाही, इंधन तपासा. इंद्रजाने इंधन तपासलं. आईने भट्टीतून पाणी मोजायची नळी आणली, माल उत्तम निघाला. इंद्रजाने इंजेक्टर खोलले, परत बसवले. तारा तपासल्या. शाळेतून आल्यावर शेडमध्ये, शेडमधून जेवायला, जेवताना समोर वायरिंगचं चित्र. रसायनशास्त्राच्या चाचणीत तिला असे मार्क पडले की इथेनॉलनेही लाजावं.

आठवडा असा गेल्यावर मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी गाडी मैदानाच्या मधोमध बंद केली, उतरले आणि दार लावलं. आपटलं नाही. इंद्रजाला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"सोन्यासारखी गाडी हुती," ते म्हणाले. "तुझ्या हाती दिली, हीच चूक."

आणि ते चालत घराकडे गेले. त्यांचा उजवा हात खिशात होता.

इंद्रजा चाकाला टेकून बसली. रडायचं नाही असं ठरवून तिने पुष्कळ रडून घेतलं. आई कामावरून आली, पर्स सीटवर टाकली आणि म्हणाली की सरक, मी गाडी आत घेतो, पावसाचं भरलंय. शैलजाबाईंनी पाखरी कित्येक वर्षांत चालवली नव्हती. त्यांनी ती आजारी आत्याबाईंना हळद-दूध द्यायला निघाल्यासारखी, एका संथ चालीने, मैदानाला पूर्ण वळसा घालून शेडमध्ये आणली. आणि वाटेत पाखरी एकदासुद्धा हुंदकली नाही.

इंद्रजा उठून उभी राहिली. तिने आईला आणखी एक वळसा मारायला लावला. मग आणखी एक. दिवा हिरवा. आई म्हणाली, काय गं, बिघाड कुठे आहे? इंद्रजाने उमजचा आलेख मोबाईलवर उघडला. आईच्या पायाची रेघ होती ताणलेल्या दोरीसारखी. पप्पांच्या पायाची रेघ तिने मोठी करून पाहिली, आणखी मोठी केली. त्या रेघेवर एक बारीक लाट होती. एकसारखी, न थकणारी, सेकंदाला पाच वेळा. हुंदके पाखरी देत नव्हती.

पेटी बिचारी दर सेकंदाला पाच वेळा गोंधळत होती. पाय असा कधी हलतो का? नाही. म्हणजे इंधनच खराब. तिने आपल्या हुशारीने भलत्यालाच दोषी ठरवलं होतं, आणि इंद्रजानेही तेच केलं होतं. पेटीने इंधनाला, इंद्रजाने स्वतःला.

इंजिनाचा हादरा असेल, तिने मनाशी म्हटलं. इंजिन ज्या रबरावर बसतं ते झिजलं असेल. मग तो आईच्या वेळी का नाही? दुसऱ्या दिवशी तिने पप्पांना गोड बोलून गाडीत बसवलं. इंजिन बंद. नुसती किल्ली फिरवलेली, म्हणजे पेटी जागी पण गाडी झोपलेली. सेन्सर तपासायचाय, पाव पेडल दाबून धरा फक्त, ती म्हणाली. मास्तरांनी धरलं. मान वळवून ते बाहेर शिकाऊ गाडी चालवणाऱ्या एका नर्सबाईंकडे बघत होते, पाय चांगला आहे म्हणत होते. मोबाईलवर ती लाट शांतपणे चालत होती.

मग एकामागून एक गोष्टी आठवत गेल्या. सांडलेल्या इथेनॉलमध्ये बसलेले पप्पा, ज्यांना वास येत नव्हता. खिशात गेलेला हात. चालताना न हलणारा खांदा. गेल्या महिन्यात सरबत करताना त्यांनी चमचा तिच्या हाती दिला होता, तू ढवळ म्हणून. तिने त्या रात्री वाचलं आणि वाचून मोबाईल उशीखाली सारला. त्या रोगाला कंपवात म्हणतात. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू संपत जातात, हालचालींना वंगण घालणारं एक रसायन कमी पडतं. कंप साधारण सेकंदाला चार ते सहा. वास जाणं पुष्कळदा सगळ्यात आधी. बरा होत नाही, पण लवकर कळला तर औषधाने आणि व्यायामाने बरीच वर्षं नीट काढता येतात.

लवकर कळला तर. आणि कळला की आरटीओलाही कळणार. मास्तरांचं शिकवायचं लायसन्स जाणार. बाजूच्या सीटवरचे पेडल जाणार. मग मास्तर कशाचे मास्तर?

उमजच्या आत एक सोय होती, गाळणी नावाची. ज्यांचं इंजिन फार हादरतं अशा गाड्यांसाठी. कुठलाही एकसारखा हादरा तिला दाखवला की ती तो रेघेतून पुसून टाकायची. इंद्रजाने बोट पडद्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. परवाना मिळेपर्यंत फक्त, ती स्वतःला म्हणाली. दसरा होऊ दे. त्यांना एकदा पन्हाळ्यावर नेऊ दे. मग सांगू. तिने गाळणी लावली.

सकाळी मास्तर पाखरीत बसले आणि पाखरी लोण्यावरून गेल्यासारखी गेली.

ते एक फेरी मारून आले, दुसरी मारून आले. तिसऱ्या फेरीला त्यांनी काटा वर चढवला आणि तुतारी वाजली. इथेनॉलवर तर ती पूर्वीपेक्षा खणखणीत वाजली. काच खाली करून त्यांनी लेकीला बोलावलं आणि कित्येक वर्षांनी तिचे केस विस्कटले. "नादखुळा केलंस गं इंदे. मी त्या दिवशी बोलू नये ते बोललो. इसर ते." इंद्रजा हसली. हसता हसता तिने मोबाईल पाठीमागे धरला. चार दिवस मास्तर रोज पाखरी घेऊन फिरत होते आणि स्कूलच्या गाडीत, बाजूच्या पेडलवर पाय ठेवून, त्या नर्सबाईंना भर रस्त्यावर नेत होते. स्कूलची गाडी सीएनजीवरची, तिच्यात उमज नव्हती. तिथे कुणीच काही गाळत नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी मास्तर लाडात आले. नर्सबाईंचं लिंबू चिरडलं होतं, त्या हिरमुसल्या होत्या. "बघा बाई, कसं करायचं ते," म्हणून त्यांनी पाखरी चढावर आणली. मधोमध थांबवली. लेकीला सांगितलं, लिंबू लाव. इंद्रजाने लिंबू मागच्या चाकाला टेकवलं आणि बाजूला झाली.

आजवर शेकडो वेळा तिने हे पाहिलं होतं. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय जातो तो दिसतसुद्धा नसे. आज तिला तो पाय उघड्या दारातून दिसला. ब्रेकवरून उठला, आणि मधे कुठेतरी, हवेत, क्षणभर वाट विसरल्यासारखा थांबला. गाळणी ॲक्सिलरेटरच्या रेघेवरची लाट पुसू शकत होती. पायाचा उशीर तिच्या हातात नव्हता.

पाखरी बोटभर मागे आली. लिंबू फुटल्याचा आवाज केवढासा तो, पण तिघांनी ऐकला.

मास्तर उतरले नाहीत. इंजिन चालू होतं, पाय परत ब्रेकवर होता. नर्सबाई उगाच हसून म्हणाल्या, आमच्यासारखंच झालं की मास्तर. मास्तर समोर बघत म्हणाले, हे नवीन इंधन, याला ओढ न्हाई. परत लावतो. दुसरं लिंबू दे गं.

इंद्रजाने दुसरं लिंबू दिलं नाही. ती दाराशी आली, खाली वाकली आणि देवळात बोलावं इतक्या हळू म्हणाली,

"पप्पा, पाय काढा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ते दोन शब्द त्यांना कुणी म्हणालं नव्हतं कधी. त्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि पाय काढला. नर्सबाई शहाण्या होत्या, पाणी प्यायला म्हणून शेडकडे गेल्या.

इंद्रजा बाजूच्या सीटवर बसली आणि मोबाईल उघडून दोन रेघा दाखवल्या. गाळणीआधीची आणि नंतरची. आईची रेघही दाखवली. काही समजावून सांगायची गरज पडली नाही. पाय ओळखण्यात ज्या माणसाने आयुष्य घालवलं, तो आपली रेघ ओळखणारच.

"हाताचं मला ठाऊक हुतं," ते म्हणाले. "म्हटलं हातच हाय, हाताचं काय. पाय साबूत हाय ना." मग रेघेवर बोट ठेवून, जणू ती दुसऱ्याच कुणा शिकाऊ माणसाची आहे, म्हणाले, "ह्या पायाला मी लिंबू दिलं नसतं."

"मी लपवलं चार दिवस," इंद्रजा म्हणाली.

"का?"

"तुम्ही माझे केस विस्कटलात."

मास्तर हसले की काय ते तिला नीट कळलं नाही. त्यांनी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि आपला पाय पेटीतून काढायची सोय उघडली. पेटी विचारत होती, जुना पाय पुसायचा का? होय, नाही. त्यांनी होय दाबलं. बोट थरथरत होतं म्हणून ते दोनदा दाबलं गेलं, आणि पेटीने पुन्हा विचारलं, नक्की ना? "लई चौकस बाई हाय," ते म्हणाले आणि तिसऱ्यांदा दाबलं.

त्या आठवड्यात आई त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, आणि इंद्रजाने मोबाईलमध्ये जपून ठेवलेला लाटेचा आलेख पाहून म्हणाले, एवढ्या लवकर सहसा कुणी येत नाही हो, कुठल्या तपासणीत कळलं? मास्तर म्हणाले, दारूत. मग आईला सगळं समजावून सांगावं लागलं. गोळ्या सुरू झाल्या. रोजचं चालणं आलं. शिकवायचं लायसन्स मास्तरांनी स्वतः जाऊन जमा केलं. परत आले ते दोन दिवस मैदानाकडे फिरकले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी चढाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. रस्त्यावर शिकवायला एक तरुण बाई ठेवल्या होत्या, पण लिंबू कुणाचं पास, कुणाचं नापास, हे मास्तरच सांगणार होते. त्याला लायसन्स लागत नाही.

पाखरीचा परवाना आईच्या पायावर मिळाला. आरटीओच्या साहेबांनी ठसा पाहून विचारलं, एवढा संथ पाय, आणि शर्यतीची गाडी? आई म्हणाली, लग्नापासून ब्रेक मीच लावत आलो. दसऱ्याला ती पाखरी घेऊन पन्हाळ्याला निघाली. मास्तर शेजारी, इंद्रजा मागे, बॉनेटवर झेंडूची माळ. अख्ख्या घाटात काटा तीन हजाराच्या पुढे गेला नाही. बैलगाडीने त्यांना मागे टाकलं असा मास्तरांचा दावा आहे, तो खरा नाही. सायकलवाला होता.

वर पोचल्यावर त्यांनी मान मागे वळवून इंद्रजाला विचारलं, "तुझं अठरावं कधी भरतंय गं?"

भरलं ते पुढच्या श्रावणात. शिकाऊ लायसन्स हातात पडलं त्याच दिवशी इंद्रजाने पाखरी चढावर आणली. उमज नवीन पाय शिकायला तयार होऊन बसली होती. शेजारच्या सीटवर नव्या बाई, त्यांच्या बाजूचे जादा पेडल बसवून घेतलेले. मास्तर खुर्चीवरून उठले. चाल हळू झाली होती. त्यांनी खिशातून लिंबू काढलं, वाकून चाकाला टेकवलं, आणि चाकाजवळच उभे राहिले.

ब्रेक. पाय उचलला. ॲक्सिलरेटर. क्लच. पाखरी एक हुंदका देऊन मागे आली आणि बंद पडली.

फुटल्याचा आवाज केवढासा तो.

इंद्रजाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आता उद्या घरून लिंबू आणा. ती मान वर करते तो मास्तर तिथे नव्हते. ते शेडकडे गेले होते. आले ते पाण्याचा पेला घेऊन. चिरडलेल्या लिंबाचं जे काय उरलं होतं ते त्यांनी खरवडून गोळा केलं, पेल्यात पिळलं, साखर टाकली.

"पप्पा, चिरडलेल्याचं सरबत कधीपासून?"

"पाय चांगला हाय," मास्तर म्हणाले. "घाबरला, पन खोटं बोलला न्हाई."

इंद्रजा चमचा घ्यायला उठली. त्यांनी तिला हाताने थांबवलं. मग पेला उजव्या हातात घेतला, त्याच हातात जो गेलं वर्षभर खिशात असायचा, आणि सगळ्यांसमोर पुढे धरला. पेला थरथरत राहिला, साखर तळाशी गरागरा फिरत विरघळत गेली.

"बस," ते म्हणाले. "चमचा कशाला? ढवळून हुतंय आपोआप."